गाणाऱ्या चित्राकृतीचे ओठ

चित्राकृतीला मानवी हालचाल देण्याचा उपक्रम नवा नाही. मॅक्स फ्लायशर यांना १९१७ साली अमेरिकेत ‘रोटोस्कोप’ या यंत्राचे पेटंट मिळाले. चित्रफितीतील एकेक चौकट काचेवर प्रक्षेपित करावयाची व तीवरून रेखाटन करावयाचे, अशी त्याची रीत होती. १९३२ च्या ‘मिनी द मूचर’ या लघुपटात गायक कॅब कॅलोवे यांचे नृत्य याच रीतीने वॉलरसरूपी भुताच्या अंगी उतरविण्यात आले; आवाजही त्यांचाच होता. आजच्या अ‍ॅनिमेटेड संगीतचित्रफितीचे हे पूर्वरूप होय.

मोशन कॅप्चर, म्हणजेच गतिग्रहण, या तंत्रात रेखाटनाची जागा मोजमापाने घेतली आहे. गीत आधी ध्वनिमुद्रित होते व त्याच्या तालावर कलावंत नाचतो. त्याच्या तंग पोशाखावर ठिकठिकाणी प्रकाश परावर्तित करणाऱ्या लहान गोळ्या बसविलेल्या असतात. भोवतालच्या किमान दोन कॅमेऱ्यांना एकच गोळी एकाच क्षणी दिसली, म्हणजे तिचे अवकाशातील स्थान गणिताने निश्चित होते. या स्थानांच्या मालिकेवरून संगणकातील आकृतीचा सांगाडा हलविला जातो. आकृतीची अंगप्रमाणे कलावंताहून भिन्न असली, तर तिची पावले जमिनीवर घसरल्यासारखी भासतात आणि ती मागाहून दुरुस्त करावी लागतात.

गायनाचा प्रश्न याहून बिकट आहे. चेहऱ्यावरील खुणा ओठांची व जबड्याची हालचाल टिपतात. जिभेची व स्वरतंतूंची टिपू शकत नाहीत. ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे शब्द ओठांवर जवळजवळ एकरूप दिसतात. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतील भेद जिभेच्या स्थानाचा असल्याने तो बहुतांशी मुखाआडच राहतो. म्हणजे भाषेतील अर्थभेदक ध्वनी अनेक, परंतु त्यांची दृश्य रूपे थोडी.

तथापि ही थोडी रूपे गौण नव्हेत. कानी ‘बा’ पडत असता डोळ्यांसमोर ‘गा’ उच्चारणारे मुख असेल, तर पुष्कळ प्रौढांना ‘डा’सारखा ध्वनी ऐकू येतो, असे मॅगर्क व मॅक्डोनाल्ड यांनी १९७६ साली दाखविले. गायनात स्वर लांबतात, व्यंजने मात्र क्षणिकच राहतात. ‘प’साठी ओठ दशांश सेकंद मिटले, तर सेकंदास २४ चौकटींच्या चित्रफितीत त्यास दोन-तीनच चौकटी मिळतात. नोंदींतील कंप काढून त्या गुळगुळीत करताना हे मीलन पुसले गेले, की आवाज आकृतीच्या मुखातून येतो हा प्रत्यय नाहीसा होतो.

म्हणून गीतातील ओष्ठ्य वर्णांची स्थाने आधी नोंदवून त्या चौकटींत ओठ पुनः मिटविणे आवश्यक ठरते. हालचालीतील कोणता अंश अर्थवाहक आहे, हे केवळ मोजमापावरून कळत नाही. ते त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवरूनच ठरते.