न दिसणारा उतार

हिंडलग्यात जुलैची झड लागली की विमान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. कौलांवरच्या पावसातून घरघर येते आणि ढगात विरते. बेळगाव शहराच्या पलीकडे, पूर्वेला सांबरा विमानतळ. तिथली धावपट्टी 1942 सालची, ब्रिटिश हवाई दलाच्या काळातली. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमानं बहुधा पूर्वेकडून उतरतात आणि आपल्या बाजूला उडतात.

इथून सांबरा सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर. धावपट्टीपासून तेवढ्याच अंतरावर, पण पलीकडच्या बाजूला, एक विमान ढगात आहे असं समजा. 3 अंशांच्या नेहमीच्या उतारानं ते दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर खाली येतं. म्हणजे या घडीला ते धावपट्टीच्या पातळीपासून पावणेआठशे मीटर वर हवं. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नसताना वैमानिकाला हे कळणार कसं?

जुना भरवशाचा उपाय म्हणजे आयएलएस. धावपट्टीजवळचे अँटेना आकाशात रेडिओची वाट आखतात. पण प्रत्येक टोकाला वेगळी यंत्रणा, मोकळी सपाट जागा आणि कायमची देखभाल लागते. दुसरा उपाय उपग्रहांचा: त्यांच्या आधारानं उतरताना हा उतार जमिनीवरून कोणी पाठवत नाही. तो विमानातल्या संगणकात मोजलेला असतो.

मग साधं जीपीएस का पुरत नाही? सुमारे 20,200 किलोमीटरवरून येणारा संदेश आयनोस्फिअरमधून जाताना रेंगाळतो. एक मायक्रोसेकंद चुकला तरी अंतरात 300 मीटरची चूक. आपल्याकडे हा थर विशेष लहरी, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. अग्निबाणांसाठी केरळातलं थुंबा निवडलं, तेही याच थराचा अभ्यास करण्यासाठी. ज्या लहरीपणानं शास्त्रज्ञांना तिथं नेलं, तोच पुढे वैमानिकांच्या वाटेत आला.

त्यावर इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून 'गगन' उभं केलं. देशात 15 संदर्भ केंद्रं. त्यातलं एक आपल्या घाटाखाली गोव्यात, एक नागपुरात. प्रत्येकाला आपली जागा काटेकोर ठाऊक असते, त्यामुळे जीपीएस किती चुकतंय ते लगेच कळतं. बेंगळुरूत हिशोब होतो आणि 36,000 किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह दुरुस्ती विमानापर्यंत पोचवतात. 21 एप्रिल 2015 ला उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी 'गगन'ला मान्यता मिळाली. 28 एप्रिल 2022 ला इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला या पद्धतीनं उतरलं. देशातली ती पहिलीच वेळ.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट अचूकता वाटत नाही. 'माझ्यावर आता विसंबू नका' हे यंत्रणा वेळेत सांगते, ते मोलाचं. 2015 च्या मान्यतेच्या दर्जानुसार जागेतली चूक आडवी 40 किंवा उभी 50 मीटरच्या पलीकडे गेली, तर 10 सेकंदांत इशारा मिळायलाच हवा.

वैमानिकाच्या नकाशावर म्हणूनच एकाच वाटेला तीन पायऱ्या असतात. एलनॅव्हमध्ये फक्त दिशा मिळते, उंची वैमानिकानं सांभाळायची. एलनॅव्ह-व्हीनॅव्हमध्ये उतारही मिळतो, पण तो बहुधा हवेच्या दाबावरून. थंडी कडक असेल तर विमान दिसतं त्यापेक्षा खाली असतं. एलपीव्हीत उतार उपग्रहावरून येतो, आणि धावपट्टी जवळ येईल तशी वाट अरुंद होत जाते. कोणती पायरी आज हाताशी आहे, हे पडद्यावर पाहूनच उतरायचं. मध्येच एलपीव्ही गेलं, तर निर्णयाची उंचीही, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं ती, वरची धरायची.

एलपीव्हीत ही निर्णयाची उंची जमिनीपासून साधारण 250 फुटांपर्यंत खाली येऊ शकते. आवाज होतो, 'मिनिमम्स'. ओल्या धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर गो-अराउंड: इंजिनाला पूर्ण जोर, नाक वर, आणि आधी सरळ पश्चिमेला. ती घरघर मग आमच्या बाजूला येते, कौलांवरून, ढगाच्या वरून.