खंदकाचे दोन काठ

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून निघणारा कस्तुरबा गांधी मार्ग, ज्याला एकेकाळी कर्झन रोड म्हणत, इंडिया गेटच्या वर्तुळाकार चौकात जाऊन मिळतो. तेथून आग्नेयेस थोड्याच अंतरावर पुराना किल्ला आहे, आणि किल्ल्याच्या तटाखाली सुमारे १७६ एकर जमिनीवर दिल्लीचे प्राणिसंग्रहालय पसरलेले आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी त्या वेळचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय प्राणी उद्यान हे नाव मिळाले. येथे वाघ-सिंह गजांआड दिसत नाहीत. मोकळ्या, झाडीच्या आवारात ते हिंडतात, आणि त्यांच्या व प्रेक्षकांच्या मध्ये असतो तो खंदक.

२३ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी याच ठिकाणी एक विशीतला तरुण पांढऱ्या वाघाच्या आवारातील कोरड्या खंदकात जाऊन पडला. तो कठड्यावरून घसरला की त्याने आपण होऊन उडी घेतली, याविषयी प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यात फरक पडला. कठडा ओलांडूनच तो आत गेला, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. विजय नावाचा तो वाघ खंदकात उतरला आणि तरुणासमोर उभा राहिला. तरुण भिंतीशी अंग चोरून, हात जोडून बसला होता. वाघाने लगेच हल्ला केला नाही. मिनिटे जात होती. वर जमलेली माणसे आरडाओरडा करीत होती; वाघाचे लक्ष वळावे म्हणून कोणी दगड भिरकावले, रक्षकांनी काठ्या आपटल्या. अखेरीस वाघाने त्याची मान धरली व त्याला ओढून नेले. तरुण वाचला नाही. सारा प्रकार एका प्रेक्षकाने टिपला आणि काही तासांतच तो देशभर पाहिला गेला. त्यानंतर जो वाद उसळला त्यात दोष कोणाचा, एवढाच एक प्रश्न विचारला गेला. वास्तविक येथे प्रश्न एक नसून अनेक आहेत, आणि त्यांतील पहिला खंदकाविषयीचा आहे.

खंदकाची कल्पना हँबर्गचे प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांची. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंस्र श्वापदे दाखवायची म्हणजे गजांचा पिंजरा, ही रीत होती. हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हँबर्गनजीक श्टेलिंगेन येथे जे उद्यान उघडले त्यात गज नव्हते. प्राणी किती लांब व किती उंच उडी घेऊ शकतो याचा अंदाज घेऊन त्यांनी खंदक खोदले, आणि ते प्रेक्षकांच्या नजरेस पडू नयेत अशा बेताने खडक व झाडे मांडली. परिणाम अपूर्व होता: समोर सिंह, मध्ये काही नाही! दिल्लीचे प्राणिसंग्रहालय आखले जात असताना १९५६ साली याच हागेनबेक घराण्यातील तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात आला, आणि खंदकाची पद्धत येथे आली. प्राण्यांच्या दृष्टीने ती मोठीच सुधारणा होती, यात शंका नाही. पिंजऱ्यातील चार पावलांची येरझार ज्याने पाहिली असेल, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

परंतु या सुधारणेत एक अडचण दडलेली आहे. गज प्राण्याला अडवीत आणि त्याच वेळी माणसाला धोक्याची जाणीवही देत. लोखंड पाहून लहान मूलही समजते की, आतले जनावर जवळ जाण्याजोगे नाही. खंदकाचे सारे कौशल्य स्वतःला अदृश्य करण्यात आहे. अडसर दिसेनासा झाला की भयही ओसरते. शिवाय खंदकाचे मोजमाप घेतले जाते ते प्राण्याच्या उडीवरून. वाघ बाहेर येऊ नये, हे काम चांगला खंदक चोख बजावतो. माणूस आत जाऊ नये, हे काम मात्र त्याच्या काठावरील कमरेएवढ्या कठड्याकडे आणि एखाद्या पाटीकडे सोपवलेले असते. वाघाच्या बाजूची भिंत अभियंत्याच्या हिशेबाने बांधायची आणि माणसाच्या बाजूची त्याच्या शहाणपणाच्या भरवशावर, असा हा व्यवहार आहे. पांढऱ्या वाघाच्या बाबतीत तर तो अधिकच कच्चा ठरतो. पांढरा वाघ ही वेगळी जात नव्हे. रंगाचा तो एक दुर्मिळ आनुवंशिक प्रकार आहे. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या बछड्यापासून त्याची पैदास मुख्यत्वे माणसाच्या कौतुकासाठी झाली. ज्या प्राण्याभोवती सर्वांत मोठी गर्दी लोटणार हे आधीच ठाऊक आहे, त्याच्यापुढचा कठडा गर्दीचा विचार करूनच बांधावयास हवा.

पहिले कामही कधी कधी फसते. सॅन फ्रान्सिस्को येथे २५ डिसेंबर २००७ रोजी एक सैबेरियन वाघीण खंदकाची भिंत ओलांडून बाहेर आली, एका सतरा वर्षांच्या मुलास तिने ठार केले, दोघांना जखमी केले, आणि ती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. पुढे भिंत मोजली तेव्हा ती साडेबारा फूट भरली. शिफारस होती सुमारे साडेसोळा फुटांची. ती मुले वाघिणीला डिवचत होती की काय, यावर पुष्कळ चर्चा झाली. पण चार फूट कमी असलेली भिंत कोणाच्याही वागणुकीने उंच होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आत शिरणारी माणसे एकाच प्रकारची नसतात. १९९६ च्या पहिल्या दिवशी कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात दोन मद्यधुंद तरुण वाघाच्या गळ्यात हार घालावयास उतरले. त्यांतील एक मारला गेला. २००७ च्या डिसेंबरात गुवाहाटीत छायाचित्राच्या मोहाने एकाने पिंजऱ्याच्या गजांत हात घातला आणि तो प्राणास मुकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरुपती येथे सिंहाच्या आवारात शिरलेल्या माणसाचाही असाच अंत झाला. काहींच्या ठायी नशा असते, काहींच्या ठायी धाडस. काहींचे मन ताळ्यावर नसते. आणि काही निव्वळ लहान मुले असतात. या सर्वांना ‘मूर्ख’ या एका शब्दात गुंडाळले की व्यवस्थापनाचे काम सोपे होते, पण शेवटच्या दोन प्रकारांना पाटी वाचून शहाणपण येणार नाही, हे त्यातून निसटते.

आता माणूस आत पडल्यानंतरच्या मिनिटांकडे वळू. दिल्लीच्या घटनेनंतर सर्वत्र ऐकू आलेला प्रश्न असा: भूल देणारी बंदूक का चालवली नाही? ही बंदूक चित्रपटात दिसते तशी चमत्कारी नसते. औषध भरलेली सुई स्नायूत शिरल्यावर मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्यास गुंगी येण्यास पाच ते पंधरा मिनिटे, प्रसंगी अधिकही लागतात. मात्रा वजनाप्रमाणे ठरवावी लागते. आणि सुई टोचताच चवताळलेला प्राणी त्या मधल्या वेळात काय करील, हे कोणी सांगू शकत नाही. तरीही ती जवळ व सज्ज असावी, कारण मोकळा वेळ मिळाला तर ती उपयोगी पडते. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी याच दिल्लीच्या उद्यानात एक मनुष्य सिंहाच्या आवारात उतरून त्याच्या समोरासमोर बसला. कर्मचाऱ्यांनी सिंहाला भूल दिली आणि त्या माणसास सुखरूप बाहेर काढले. पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांत प्राण्यांचा स्वभाव, दैव यांचा वाटा असेलच. परंतु तयारीचाही आहे.

बंदुकीपेक्षा अधिक भरवशाचे साधन प्राण्याच्या सवयीत असते. रोज सायंकाळी वाघ आपल्या कोठीत जातो, कारण तेथे मांस मिळते आणि ओळखीचा रक्षक त्याला हाक मारतो. दिवसा अवेळी हाक मारली तरी तो कोठीकडे वळावा, असा सराव देता येतो. त्यासाठी कोठीचे दार तत्काळ उघडणारा माणूस जवळ हवा, शिडी वा दोर हाताशी हवा, आणि मुख्य म्हणजे गर्दी मागे हटवून शांतता राखणारे कोणी तरी हवे. दगड व आरोळ्या यांमागील हेतू चांगला असला तरी, त्यांनी बावरलेला वाघ अधिकच बिथरतो. कठड्यावरील शंभर माणसांपैकी वाघाचे वर्तन ओळखणारा एकही नसावा, ही उणीव त्या शंभर जणांची नव्हे.

कायदा जबाबदारीची वाटणी कशी करतो? भारतीय न्यायालयांनी ज्या इंग्रजी विधिपरंपरेचा आधार घेतला आहे, तिच्यात वन्य पशू बाळगणारा त्याच्याकडून होणाऱ्या हानीस, निष्काळजीपणा सिद्ध न होताही, उत्तरदायी असतो. १८९० च्या एका खटल्यात माणसाळलेल्या हत्तीच्या मालकालाही ही सबब उपयोगी पडली नाही. मात्र हानी ओढवून घेणाऱ्यास हे संरक्षण नाही. १९३५ च्या एका खटल्यातील गृहस्थ पेटती सिगारेट विझवण्यासाठी अडसर ओलांडून बिबळ्याच्या पिंजऱ्यापाशी गेला व जखमी झाला. हेतू चांगला असूनही त्यास भरपाई मिळाली नाही. मुलांच्या बाबतीत न्यायालयांची दृष्टी निराळी आहे. ग्लासगोच्या सार्वजनिक उद्यानात विषारी फळे खाऊन एक सात वर्षांचा मुलगा मृत्यू पावला, तेव्हा १९२२ मध्ये असा निर्णय झाला की, मुलांना भुरळ घालणारी धोक्याची वस्तू त्यांच्या आटोक्यात ठेवणाऱ्यास ‘मुलाने तोडावयास नको होते’ असे म्हणून सुटता येत नाही. वाघाइतकी भुरळ घालणारी वस्तू दुसरी कोणती?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, आणि पुढल्या वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. या प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून कोणतेही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. त्याच अधिनियमाचे कलम ३८-जे प्रेक्षकासाठी आहे: प्राण्यास चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाटाने त्रास देणे, आवारात कचरा टाकणे, हे सर्व गुन्हे असून त्यांसाठी कैद वा दंड होऊ शकतो. दर रविवारी हे कलम किती वेळा मोडले जाते, ते कोणत्याही माकडांच्या पिंजऱ्यापाशी अर्धा तास उभे राहिल्यास दिसेल. कठडा ओलांडणारा माणूस विरळा. शेंगदाणे व खडे फेकणारे असंख्य. परंतु कठड्याचा मान न राखण्याची सुरुवात येथूनच होते, आणि येथेच रक्षकाने हटकले तर पुढचा प्रसंग टळण्याचा संभव असतो.

या वाटणीत प्राण्याच्या नावावर काही टाकता येत नाही. २८ मे २०१६ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तीन वर्षांचा मुलगा खंदकात पडला तेव्हा हरांबे नावाच्या गोरिलाला गोळी घालण्यात आली. भुलीचे औषध चढेपर्यंत थांबणे व्यवस्थापनास शक्य वाटले नाही. मूल वाचले. तो निर्णय त्या क्षणी टाळता येण्याजोगा नव्हता, असे मानले तरी त्याची किंमत ज्याने मोजली त्याचा अपराध काहीच नव्हता. दिल्लीत विजयला मारावे अशी मागणी काहींनी केली, ती मानली गेली नाही. काही दिवस त्याला आत कोठीत ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवण्यात आले, आणि नंतर त्याच आवारात, त्याच खंदकापलीकडे, तो पुन्हा प्रेक्षकांसमोर हिंडू लागला.