'ओके'च्या फळ्यावर कुणी मेलं नव्हतं

सैनिक संध्याकाळी छावणीत परतायचे. त्या दिवशी कुणी मेलं नसेल तर फळ्यावर 'झिरो किल्ड' लिहायचे, म्हणजे शून्य आणि के, आणि त्याचंच पुढे झालं 'ओके'. हा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून नव्याने उगवतो. खाली विनंती असते, 'मुलांना जरूर सांगा.' कृपा करून सांगू नका.

या गोष्टीतलं युद्ध म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध. ते सुरू झालं १८६१ साली. 'ओके' मात्र २३ मार्च १८३९ रोजीच 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापून आलं होतं, तेही 'ऑल करेक्ट' या खुलाशासकट. म्हणजे फळा टांगण्याच्या २२ वर्षं आधी!

'ऑल करेक्ट'ची आद्याक्षरं तर ए आणि सी, मग ओ आणि के कुठून आले? चूक मुद्दाम केलेली होती. तेव्हा बॉस्टनच्या पत्रकारांना स्पेलिंग बिघडवून त्याची आद्याक्षरं छापायची लहर आली होती. 'ऑल राइट'चं ओ. डब्ल्यू., 'नो गो'चं के. जी. विनोद बेताचाच. बाकीची अक्षरं विसरली गेली. ओके तेवढं टिकलं, कारण १८४० साली निवडणूक आली. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहुक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहुक'. त्यांच्या समर्थकांनी ओके क्लब काढला. व्हॅन ब्युरेन पडले, पण तोवर शब्द देशभर झाला होता.

हे सगळं कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसून १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात मांडलं. साठ वर्षं झाली, फॉरवर्ड करणारे अजून फळ्यापाशीच आहेत.

बाकीच्या व्युत्पत्तींचं काय? अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींच्या भाषेतला 'ओकेह'? तो अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनाही पटला होता, पण १८३९च्या छापील पुराव्यापुढे टिकत नाही. ग्रीक 'ओला काला', म्हणजे 'सगळं छान'? योगायोग. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून ते 'ओके' लिहीत? ती १८४०च्या प्रचारात विरोधकांनी उठवलेली कंडी.

आणि ओके म्हणजे 'छान', हेही अर्धंच खरं. सिनेमा 'ओके' होता म्हणजे तिकिटाचे पैसे वाया. फोनवर दोनदा 'ओके, ओके' म्हणजे आता ठेवा. ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' तर लोकांनी खुशाल वाजवण्याचा परवानाच मानलं. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला ते लिहिण्यावर बंदी घालावी लागली.