मॅक्डोनाल्डांचा मूळपुरुष

प्रवासात समोरच्याचे आडनाव आपल्यासारखेच निघाले, की ‘मग तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न ठरलेला असतो. आडनाव एक म्हणजे कूळ एक, आणि कूळ एक म्हणजे रक्त एक, असे आपण नकळत धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर फक्त वंशावळी आणि दंतकथा देत असत. आता ते प्रयोगशाळेत तपासता येते. अशा तपासणीचे एक चांगले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधील मॅक्डोनाल्ड हे आडनाव.

हे आडनाव आपल्या विद्यार्थ्यांना अगदीच अनोळखी नाही. १९३२ साली ‘जातीय निवाडा’ जाहीर करणारे ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड स्कॉटिशच होते. ‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. मॅक्डोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. हा डोनाल्ड कोण?

दंतकथा काय सांगते?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. इसवी सन ८०० च्या सुमारास तेथे नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, हल्ले केले आणि पुढे वस्ती केली. ही बेटे १२६६ सालापर्यंत नॉर्वेच्या राजाची मानली जात होती. बाराव्या शतकात या भागात सोमरलेड नावाचा एक पराक्रमी सरदार उदयाला आला. ११५६ साली त्याने मॅन बेटाच्या नॉर्स राजाशी आरमारी लढाई केली आणि बेटांचा मोठा भाग ताब्यात घेतला. ११६४ साली स्कॉटलंडच्या राजावर चालून गेला असता रेनफ्र्यूजवळ तो मारला गेला.

सोमरलेडचा एक मुलगा डूगल. त्याच्यापासून मॅक्डूगल घराणे निघाले. दुसरा मुलगा रॅनल्ड. या रॅनल्डचा मुलगा डोनाल्ड हाच मॅक्डोनाल्डांचा मूळपुरुष, आणि डोनाल्डच्या अलास्डेर या मुलापासून मॅकॅलिस्टर झाले. म्हणजे परंपरेनुसार ही तिन्ही आडनावे एकाच पुरुषाची वंशवेल आहेत.

परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. सोमरलेड हा परक्या व्हायकिंगांना हुसकावून लावणारा अस्सल गेलिक वीर होता आणि त्याचे पूर्वज आयर्लंडच्या प्राचीन राजांपैकी होते. त्याच्या वडिलांचे गिलेब्राइड हे नाव गेलिक आहे, हे खरे. परंतु ‘सोमरलेड’ हे नाव मात्र नॉर्स भाषेतले आहे. त्याचा अर्थ ‘उन्हाळ्यात सफरीवर निघणारा’. नावांवरून निर्णय लागत नाही तो असा.

बापाकडून मुलाकडे

येथे वाय गुणसूत्र उपयोगी पडते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्यांमध्ये आई आणि वडील या दोघांचा वारसा दर पिढीत नव्याने मिसळतो. पत्ते पिसावेत तसा हा प्रकार असतो. वाय गुणसूत्र मात्र फक्त पुरुषांत असते आणि त्याचा बहुतेक भाग न मिसळता बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो. युरोपात आडनावही साधारणपणे याच वाटेने जाते. तेव्हा आडनाव आणि वाय गुणसूत्र यांचा प्रवास जोडीने व्हायला हवा.

‘जसाच्या तसा’ म्हणताना थोडी सवलत ठेवावी लागते. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डी.एन.ए.ची लहान अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते, कुठे १२ वेळा, कुठे १५ वेळा. नक्कल होताना क्वचित ही संख्या एकाने कमी-जास्त होते. एका ठिकाणी असा बदल सरासरी ५०० पिढ्यांत एकदा घडतो. आपण २५ ठिकाणे तपासली आणि दोन पुरुषांचा समाईक पूर्वज २७ पिढ्यांमागे असला, तर दोन्ही बाजूंच्या मिळून ५४ पिढ्या होतात. ५४ गुणिले २५ भागिले ५०० म्हणजे सुमारे २.७. त्या दोघांत सरासरी दोन-तीन ठिकाणी फरक दिसेल, बाकी जुळेल. अजिबात नाते नसलेल्या पुरुषांत सहसा याहून कितीतरी जास्त फरक आढळतात.

तपासणीत काय निघाले?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स (१९४७-२०२०) यांनी या तीन आडनावांच्या पुरुषांचे नमुने तपासले. तिन्ही आडनावांत वाय गुणसूत्राचा एक विशिष्ट नमुना वारंवार आढळला. मॅक्डोनाल्डांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात, मॅक्डूगलांपैकी तिसऱ्या हिश्शात आणि मॅकॅलिस्टरांपैकी शेकडा ४० जणांत तो होता. या कुळांच्या ज्या पाच विद्यमान प्रमुखांच्या वंशावळी सोमरलेडपर्यंत पोचतात, त्यांच्यातही तोच नमुना सापडला. शतकांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखांत एकच नमुना मिळतो, तेव्हा तो सोमरलेडचाच असणार, असा निष्कर्ष निघाला. वंशावळीचा हा भाग खरा ठरला.

दुसरा भाग मात्र डळमळला. स्कॉटलंडमधील बहुसंख्य पुरुषांचे वाय गुणसूत्र आर१बी या गटातले असते. सोमरलेडचे होते आर१ए गटातले, आणि तेही नॉर्वे व त्याच्या शेजारी आढळणाऱ्या शाखेतले. व्हायकिंगांना हुसकावणाऱ्या या गेलिक वीराच्या बापाचा बाप, त्याचा बाप असे मागे गेलो, तर आपण व्हायकिंगांच्याच घरी पोचतो! त्याचे घराणे काही पिढ्यांत गेलिक भाषा बोलू लागले होते आणि मुलांना गेलिक नावे ठेवू लागले होते. भाषा आणि निष्ठा बदलल्या, वाय गुणसूत्र तेवढे तेच राहिले.

उरलेले तीन हिस्से कोणाचे?

आता खरा विचार करण्याजोगा प्रश्न. मॅक्डोनाल्डांपैकी तीन-चतुर्थांश पुरुषांत हा नमुना नाही, तो का?

पहिली शंका येते ती विवाहबाह्य संततीची. ती गणिताने तपासून पाहू. पश्चिम युरोपात झालेल्या अभ्यासांनुसार गेल्या काही शतकांत हे प्रमाण दर पिढीला शेकडा एक ते दोन इतकेच होते. ८०० वर्षांत, ३० वर्षांची एक पिढी धरून, सुमारे २७ पिढ्या होतात. दर पिढीला शेकडा दोन जणांचा दुवा तुटला असे मानले, तर ०.९८ चा २७ वा घात काढावा लागेल. उत्तर येते ०.५८. म्हणजे शेकडा ५८ जणांत नमुना टिकायला हवा होता. प्रत्यक्षात तो २५ जणांतच आहे. एवढी मोठी तूट केवळ या कारणाने भरून निघत नाही.

तिचे मुख्य कारण इतिहासात आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कायम आडनावाची पद्धत उशिरा, सतराव्या-अठराव्या शतकात रुळली. तोवर ‘अमक्याचा मुलगा’ एवढेच सांगितले जाई आणि डोनाल्ड नावाचे बाप तर गावोगाव होते. शिवाय ‘क्लॅन’ म्हणजे केवळ भाऊबंदकी नव्हती. प्रमुखाच्या जमिनीवर राबणारे, त्याच्या बाजूने लढणारे, त्याच्या आश्रयाला आलेले अनेक लोक त्याचेच आडनाव लावीत. दत्तक गेलेली मुले होती, आईचे आडनाव घेणारी होती. स्वतः रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचेच पाहा. आईवडिलांचा विवाह झालेला नसल्याने जन्मनोंदीत त्यांचे आडनाव आईचे, म्हणजे रॅम्से असे होते. वडिलांचे आडनाव ते पुढे लावू लागले. ते रॅम्सेच राहिले असते, तर आडनाव एका घराण्याचे आणि वाय गुणसूत्र दुसऱ्याचे, असे झाले असते.

म्हणून ज्याच्यात नमुना नाही तो ‘खोटा’ मॅक्डोनाल्ड ठरत नाही. त्याच्या पूर्वजांनी त्या कुळाबरोबर शेती केली, लढाया केल्या, हाल सोसले. आडनाव ही त्या सहवासाची खूण आहे.

एक ओळ आणि १३ कोटी जागा

ज्याच्यात नमुना आहे, त्यानेही फार हुरळून जाण्याचे कारण नाही. आपल्याला आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असे २७ पिढ्या मागे गेल्यास पूर्वजांच्या जागा होतात २ चा २७ वा घात, म्हणजे १३ कोटी ४२ लाखांहून जास्त. वाय गुणसूत्र त्यांतील फक्त एका जागेची बातमी देते. स्कॉटलंडची लोकसंख्या आजही सुमारे ५५ लाख आहे. अर्थात या जागांवर तीच ती माणसे पुन्हा पुन्हा येत असणार. मग सोमरलेडही, कुठल्या तरी पणजीच्या वाटेने, नमुना नसलेल्या अनेकांच्या वंशावळीत बहुधा बसलेलाच असेल. आडनाव ती वाट दाखवीत नाही आणि वाय गुणसूत्रही दाखवीत नाही.

आणखी एक गंमत. आर१ए हा गट भारतातही, आपल्या महाराष्ट्रातही, वेगवेगळ्या जातींच्या पुरुषांत आढळतो. त्याच्या युरोपीय आणि आशियाई शाखा पाच ते सहा हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. त्यामुळे आपल्याकडचा कोणी आर१ए गटाचा निघाला म्हणून तो व्हायकिंग होत नाही, आणि सोमरलेड आपला जवळचा नातलगही होत नाही.

हा विषय वर्गात घेणे सोपे आहे. विद्यार्थ्यांना आपल्या पूर्वजांचा तक्ता चार पिढ्यांपर्यंत काढायला सांगावा आणि आपले आडनाव त्या ३० जागांपैकी किती जणांच्या जन्माच्या आडनावाशी जुळते ते मोजायला सांगावे. बहुतेकांना सर्वांत मागच्या पिढीतील १६ जागांपैकी निम्म्याही भरता येणार नाहीत, विशेषतः स्त्रियांच्या. आडनावाच्या आधारे कुळाचा अभिमान किंवा कुणाची हेटाळणी करण्यापूर्वी त्या रिकाम्या जागांकडे एकदा बघावे, एवढे जरी विद्यार्थ्यांना पटले तरी तासाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.