खिडक्या अनेक, पोर एकच

धाटावच्या माणसाला गावाचे नाव इंग्रजीत कसे लिहायचे, हा प्रश्न आयुष्यात एकदा तरी पडतोच. शेवटी 'व्ही' लिहिणारेही आहेत आणि 'ओ' लिहिणारेही. पाट्यांवर, कागदांवर दोन्ही सापडतात. पोस्टमनचे त्यावाचून काही अडत नाही आणि रोह्याहून येणारा रिक्षावाला तर त्या भानगडीत पडतच नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगवेगळी गावे वाटतात. ही गंमत मी वर्षानुवर्षे चहाच्या टपरीवर सांगत आलो आणि लोक हसत आले. पण गेल्या वर्षी या एका अक्षरापायी माझ्या पुतणीचे कॉलेज सुटता सुटता राहिले. तेव्हापासून ती गंमत मला सांगवत नाही.

पुतणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माझा धाकटा भाऊ कंत्राटी कामगार, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या आधारावरच तिचे शिक्षण चाललेले. तिने अर्ज वेळेत भरला होता. पण दाखल्यावर गावाचे नाव एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून तो दुरुस्तीसाठी परत आला. तसा निरोप मोबाइलवर गेलाही. पण तो नंबर भावाचा जुना, केव्हाच बंद पडलेला. इकडे फीच्या हिशेबात तिच्या नावापुढे 'बाकी' उमटली. ग्रंथालयाच्या संगणकाने ती 'बाकी' तेवढी उचलली आणि पुस्तके देणे थांबवले. चार पैसे जमावेत म्हणून पोर घरी न सांगता एका ठिकाणी पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली, तशी प्रॅक्टिकलची हजेरी घसरली. सरांच्या मोबाइलवरच्या हजेरीपटात ती 'अनियमित' ठरली. सूचना येत त्या व्हॉट्सअॅपच्या गटावर, आणि घरातला एकमेव चांगला फोन दिवसभर तिच्या भावाकडे.

आता पाहा, कॉलेजला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हते असे म्हणता येईल का? सगळे ठाऊक होते! अर्ज परत आल्याचे एका टेबलाला माहीत, फी थकल्याचे दुसऱ्याला, पुस्तके बंद झाल्याचे तिसऱ्याला, गैरहजेरी चौथ्याला. प्रत्येकाच्या पडद्यावर तिचा एकेक तुकडा होता. सबंध मुलगी मात्र कुणाच्याच पडद्यावर नव्हती. आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्यावरून निष्कर्ष काढला होता. एकाला ती बेफिकीर वाटली, दुसऱ्याला आळशी, तिसऱ्याला फी बुडवणारी.

मी शिक्षणक्षेत्रातला माणूस नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे इन्स्ट्रुमेंट विभागात काढली, तापमान आणि दाब मोजणारी यंत्रे नीट ठेवण्यात. त्यामुळे हा प्रकार ऐकला तेव्हा मला कॉलेज आठवण्याऐवजी जुने कंट्रोल पॅनेल आठवले. माझ्या उमेदीच्या काळात प्रत्येक गोष्टीची तबकडी निराळी असे. समजा रिअॅक्टरचे तापमान थोडे वर सरकले आहे, पण हद्दीत आहे. थंड पाण्याचा प्रवाह जरा कमी झाला आहे, तोही हद्दीत. आत ढवळणाऱ्या मोटरचा करंट किंचित वाढला आहे, तोही हद्दीत. एकेक सुई पाहणारा म्हणेल, सारे आलबेल आहे. तिन्ही सुया एकत्र पाहणारा जुना ऑपरेटर मात्र चहाचा कप खाली ठेवून धावत सुटे. पुढे सगळे एका पडद्यावर आणणारी यंत्रणा आली, ती याच कारणाने. त्या ऑपरेटरला जे वर्षानुवर्षांच्या सवयीने दिसे, ते कालच्या नव्या पोरालाही दिसावे म्हणून.

कॉलेजांत आज काय परिस्थिती आहे? यंत्रे कमी आहेत असे नाही. प्रवेशाची नोंदणी एका संकेतस्थळावर, शिष्यवृत्ती 'महाडीबीटी'वर, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये, अभ्यासाचे साहित्य आणखी कुठे. २०२१ साली केंद्र सरकारने श्रेयांकांची बँक सुरू केली. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक मिळतो. नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले, त्यामुळे आता हा क्रमांक रोह्यातल्या मुलालाही हवा आणि मुंबईतल्याही. कल्पना उत्तमच आहे. मुलाने एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत वाया जाऊ नयेत, हाच तिचा हेतू. पण प्रत्येक खिडकीवर त्याच मुलाला तेच नाव, तोच पत्ता, तोच दाखला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो आणि दर वेळी एखादे अक्षर इकडचे तिकडे होण्याची नवी संधी निर्माण होते.

या साऱ्याची जोडणी करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असे नाही. 'एमएससीआयटी'मुळे घरोघरी ठाऊक झालेले महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि पुढे विद्यापीठांच्या कारभारासाठीही त्याने संगणक प्रणाली उभी केली. अलीकडे दिल्ली विद्यापीठात तयार झालेली 'समर्थ' ही व्यवस्था देशभरच्या विद्यापीठांना उपलब्ध झाली आहे. प्रवेशापासून परीक्षेपर्यंतचे कामकाज एकाच छताखाली आणावे, हा तिचा उद्देश. मुंबई विद्यापीठानेही अलीकडे प्रवेशपूर्व नोंदणीसाठी तिचा उपयोग केला. रोह्याच्या माणसाला यात एक जुना धागा सापडतो. चिंतामणराव देशमुखांचे शालेय शिक्षण या परिसरात, रोह्याला आणि तळ्याला झाले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण १९५६ पासून ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही. शिष्यवृत्तीचे मोल या मातीला निराळे सांगायला नको.

मात्र यंत्रणा आणली की काम झाले, असे समजणाऱ्यांनी २०१७ साल आठवावे. त्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल ४५ दिवसांत लावण्याचा दंडक. प्रत्यक्षात राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली आणि काही निकालांना सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर पेपर तपासणे ही काही वाईट कल्पना नव्हे. पण माणसांची तयारी होण्याआधी यंत्र पळवले की काय होते, हे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांनी त्या वर्षी भोगले.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटा शहरातले. तिथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात गरीब घरांतली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले पुष्कळ. २००३ साली तिथे शंभरातले जेमतेम ३२ विद्यार्थी सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडत. २०१२ साली त्यांनी निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र जोडली आणि मूल घसरू लागल्याच्या सुमारे ८०० खुणांवर रोज नजर ठेवणारी व्यवस्था उभारली. दोनेक वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांपर्यंत पोचले. श्रेय एकट्या संगणकाचे नाही. संगणकाबरोबर त्यांनी सल्लागारांची मोठी भरतीही केली, आणि थोड्याशा पैशांसाठी अडलेल्या मुलांना छोटी अनुदाने देण्याचे धोरण आधीपासूनच सुरू होते. म्हणजे घंटा वाजली की उठून जाणारा माणूस होता, आणि त्याच्या हातात काही देण्यासारखेही होते.

घंटेचे हे गणित आम्हा कारखानेवाल्यांना पक्के ठाऊक आहे. नवी यंत्रणा आली की हौसेने प्रत्येक गोष्टीला घंटा लावतात. मग दिवसभर घंटा वाजत राहतात आणि ऑपरेटर न बघता बटण दाबून त्या बंद करायला शिकतो. कॉलेजातही हेच होईल. मुलाच्या फोनवर रोज पंचवीस निरोप आले, तर सव्विसावा, अगदी महत्त्वाचा निरोप तो वाचणार नाही.

दुसरी गोष्ट जपण्याची. एका पडद्यावर मुलाची जात, उत्पन्न, आजारपण, थकलेली फी असे सगळे आले, तर तो पडदा कुणी पाहायचा? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला, पण कायद्याइतकेच तारतम्यही हवे. फी थकली आहे, हे वर्गात हजेरी घेणाऱ्याला कळण्याची गरज नाही. मुलगी अडचणीत आहे, एवढे कळले तरी त्याला पुरे.

मग आमच्यासारख्या गावातल्या लहान कॉलेजाने करायचे काय? मोठी यंत्रणा येईल तेव्हा येवो. आज बिनखर्चाचे चार उपाय मला सुचतात. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचा चालू मोबाइल नंबर विचारून सगळ्या नोंदींत एकदमच बदलावा. नाव आणि गावाचे स्पेलिंग प्रवेशाच्या दिवशीच सर्व दाखल्यांशी ताडून पाहावे. अडचण कोणतीही असो, मुलाने जायचे ते एकच टेबल असावे आणि तिथल्या माणसाने 'ते आमच्याकडे नाही' हे वाक्य उच्चारू नये. आणि दर सोमवारी कार्यालय, ग्रंथालय आणि शिक्षक यांनी अर्धा तास एकत्र बसून फक्त नावे वाचावीत. जे नाव दोन याद्यांत आले, त्याला त्याच दिवशी बोलावून घ्यावे. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला लॉगबुक दाखवूनच घरी जातो. तेवढेच इथे करायचे आहे.

पुतणीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. तिला वाचवले ते कोणत्याही यंत्राने नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी तिला एकदा दारातच अडवले. "काय गं, आधी दर आठवड्याला यायचीस. महिना झाला, एक पुस्तक नाही नेलंस. बरं आहे ना घरी?" पोर तिथेच रडली. बाई तिला हाताला धरून कार्यालयात घेऊन गेल्या आणि तासाभरात चारही तुकडे एकमेकांना जोडले गेले. अर्ज दुरुस्त करायला शेवटचे तीन दिवस उरले होते.

परवा ती पेढे घेऊन आली. "काका, पास झाले," म्हणाली. पेढा तोंडात टाकता टाकता मी सहज विचारले, "आता अर्जात गावाचं नाव कसं लिहितेस?" ती म्हणाली, "आधारवर आहे तसंच. आणि नव्या मुलींचे अर्ज मीच तपासून देते. बाईंनी ग्रंथालयात मला एक टेबल दिलंय."