मेथीची जुडी आणि डावी कर्णिका

थंडीत महात्मा फुले मंडईच्या आवारात मेथी उतरते आणि घरोघरी भाजी, पराठे, मुटके सुरू होतात. 'रक्त पातळ करण्याची गोळी' घेणाऱ्यांनी मात्र जुडी उचलताना थोडा हिशेब ठेवावा. का, ते हृदयात शिरल्याशिवाय कळत नाही.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन जवनिका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिकांत मिनिटाला तीनशेच्या वर विद्युतसंदेश वेडेवाकडे फिरतात; स्नायू आवळत नाही, नुसता थरथरतो. कर्णिका आणि जवनिका यांच्या मधली, संदेश पुढे पोचवणारी गाठ त्यातले थोडेच खाली सोडते. नाडी अनियमित लागते ती यामुळे.

डाव्या कर्णिकेला अंगठ्याएवढी, आतून खडबडीत अशी एक पिशवी असते. एरवी प्रत्येक ठोक्याला ती रिकामी होते. थरथरीत रक्त तिथेच रेंगाळतं. ढवळत राहिलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, स्थिर ठेवलं की लागतं, तसंच हे. झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेतल्या दहापैकी साधारण नऊ गुठळ्या याच पिशवीत सापडतात. तुटलेला तुकडा जवनिकेतून महाधमनीत आणि तिथून मेंदूत जाऊ शकतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत (1991) अशा रुग्णांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला. छातीवरून केलेल्या इकोत ही पिशवी नीट दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेतून नळी घालावी लागते.

आता गोळी. वॉरफेरिन किंवा एसिनोकुमॅरॉल. रक्त गोठवणारे काही घटक यकृत जीवनसत्त्व 'के'च्या मदतीने तयार करतं. वापरलेलं 'के' पुन्हा कामाला येतं, ते ही गोळी अडवते. मेथी, पालक, कोथिंबिरीत 'के' भरपूर. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, बहुतेकांचा 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. आठवडाभर मेथीच मेथी झाली की तो घसरतो, गुठळीची भीती. श्रावणात पालेभाजी सुटली की चढतो, रक्तस्रावाची भीती. म्हणून 'पालेभाजी बंद' हा शेजारपाजारचा सल्ला मला पटत नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खावी, इतकंच. दुधी, बटाटा, कांदा खुशाल घ्यावा.

नव्या गोळ्यांना हे पथ्य नाही. पण लहानपणीच्या रूमॅटिक तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे बरेच आहेत. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांत नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. त्यांनी शेजाऱ्याची महागडी गोळी पाहून आपली बदलू नये. ॲस्पिरिनवर भागवणं तर नकोच.