मुलुंडचे वार्तापत्र : रेट तोच, बाकी बसून बोलू

मुलुंड, मार्च २०२१

न्यू जर्सीहून, टोरांटोहून येणाऱ्या फोनवर हल्ली ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो : करोनाने धंदे बसले, कर्ज स्वस्त झालं, मग मुंबईत घरं किती उतरली? तुम्ही २००८ नंतरची अमेरिका पाहिलेली माणसं. गल्लीतलं एक घर बँकेने जप्त करून विकलं की शेजाऱ्यांच्या घरांची किंमतही घसरते, हे तुम्हाला ठाऊक. त्या हिशेबाने इथे हाहाकार व्हायला हवा होता. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी २३.९ टक्क्यांनी आक्रसला. एप्रिलमध्ये तर मुंबईत एकाही घराची नोंदणी झाली नाही. तरीही एलबीएस मार्गावरच्या नव्या टॉवरमध्ये चौकशी करा, रेट जुनाच सांगतात.

ओळखीच्या एका जोडप्याबरोबर अशाच एका सेल्स ऑफिसात बसण्याचा योग आला. सँपल फ्लॅट पाहून झाला, कॉफी आली, मागोमाग कॉस्ट शीट आली. मूळ किंमत, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, क्लब हाउस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. कमी काय होईल म्हटल्यावर समोरचा मुलगा हसून म्हणाला, ''रेट तोच आहे सर, बाकी बसून बोलू.'' बसून बोलता बोलता फ्लोअर राइज गेला, पार्किंग फुकट झालं, मुद्रांक शुल्क बिल्डरच्या माथी गेलं, वर मॉड्युलर किचन आलं. शेवटी कागद उलटा करून त्याने पेनने एकच आकडा लिहिला. याला इथे बॉक्स प्राइस म्हणतात, सगळं धरून. पहिल्या बेरजेपेक्षा तो लाखांनी कमी होता. पण करारात मूळ किंमत जवळपास जशीच्या तशी. उद्या कुणी नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, काढून पाहिला, तर मुलुंडमध्ये भाव टिकून आहेत असंच त्याला दिसेल.

एवढा खटाटोप कशासाठी? बिल्डरने याच भावाच्या भरवशावर कर्ज उचललेलं असतं. भाव उघडपणे उतरवला तर धनको तारण पुन्हा मोजायला बसतो. गेल्या वर्षी त्याच इमारतीत जादा मोजलेले लोक दारात येतात, ते वेगळंच. शिवाय आडवा येतो रेडी रेकनर. सरकारने ठरवलेल्या या किमतीच्या फार खाली व्यवहार झाला, तर फरकावर विकणारा आणि घेणारा अशा दोघांनाही आयकर. आधी १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालायचा. नोव्हेंबरात केंद्राने तो २० टक्के केला, तोही फक्त पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या, २ कोटींपर्यंतच्या घरांना आणि जूनअखेरपर्यंतच. बाजार पडला तरी कागदावर पडायला परवानगी लागते, असा हा देश आहे. एचडीएफसीच्या दीपक पारेखांनी गेल्या एप्रिलमध्येच बिल्डरांना २० टक्के घसरणीची तयारी ठेवा म्हणून सांगितलं होतं. पुढे केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनीही भाव उतरवून माल काढा, असं सुनावलं. ऐकलं ते कागदाच्या मागच्या बाजूवर.

उघडपणे किंमत उतरवली ती राज्य सरकारने. १ सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्के झालं, जानेवारीपासून ३ टक्के, आणि ही सवलत ३१ मार्चला संपते. दीड कोटीच्या घरामागे डिसेंबरपर्यंत साडेचार लाख वाचत होते. परिणाम असा की डिसेंबरात एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. मास्क लावून, फायली छातीशी धरून उपनगरांतल्या निबंधक कार्यालयांबाहेर उभ्या असलेल्या रांगा पाहिल्या असत्या, तर मंदी आहे यावर तुमचा विश्वास बसला नसता.

कर्जाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर ४ टक्क्यांवर आणला, आता स्टेट बँक ६.७० टक्क्यांपासून गृहकर्ज देते आहे. दोन वर्षांपूर्वी हेच साडेआठच्या आसपास होतं. वीस वर्षांच्या मुदतीच्या ८० लाखांवर महिन्याचा हप्ता जवळजवळ नऊ हजारांनी हलका होतो. मात्र अमेरिकेत तीस वर्षांचा दर एकदा ठरला की ठरला. इथला दर तरता असतो, रेपो चढला की हप्ताही चढणार किंवा मुदत लांबणार. सेल्स ऑफिसात हे कुणी आपणहून सांगत नाही.

स्वस्त कर्जाची किंमत कोण भरतं, ते बोरिवलीत कळतं. तिथल्या जुन्या सोसायट्यांत निवृत्त बँकवाले, शिक्षक, पालिकेतली माणसं राहतात. अनेकांना पेन्शन बेताची किंवा नाहीच. सात-आठ वर्षांपूर्वी एफडीवर नऊ टक्क्यांच्या आसपास मिळायचे, आता पाच. ५० लाख ठेवलेल्या माणसाचे महिन्याला सोळा-सतरा हजार गेले. ज्येष्ठांच्या सरकारी योजनांत ७.४ टक्के मिळतात, पण प्रत्येकी १५ लाखांची मर्यादा. आणि मुलगा घर घेतो तेव्हा ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्केच देते. उरलेले २५ टक्के कुठून येतात? बहुतेक वेळा वडिलांची तीच एफडी मोडून. व्याज तसंही मिळत नाही, निदान पोराचं घर होईल, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा आहे असं म्हणवत नाही, पण म्हातारपणाची ही पुंजी कोणत्याच कॉस्ट शीटवर दिसत नाही, हेही खरंच.

घाटकोपरच्या पंतनगरात किंवा अंधेरीत ज्यांच्या इमारती पुनर्विकासाला गेल्या आहेत, त्यांचं दुखणं निराळंच : काम थांबलं की बिल्डरकडून येणारं भाडंही थांबतं.

आता तुमच्यापैकी ज्यांचा इथे घर घ्यायचा विचार आहे त्यांच्यासाठी. सवलत हवी तर ३१ मार्चच्या आत शुल्क भरून दस्तावर सह्या झाल्या पाहिजेत. नोंदणी मग चार महिन्यांत केली तरी चालते. म्हणजे भावाच्या किंवा वडिलांच्या नावाची पॉवर ऑफ अॅटर्नी आजच इथे हातात हवी. नसेल, तर धावपळ करू नका. एप्रिलपासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे, अर्थसंकल्पात ८ मार्चलाच जाहीर झालं आहे. दुसरं म्हणजे, जानेवारीत सरकारने बिल्डरांना बांधकाम परवानगीसाठी भरायच्या प्रीमियमवर वर्षअखेरपर्यंत निम्मी सूट दिली, ती ग्राहकाचं मुद्रांक शुल्क त्यांनीच भरायचं या अटीवर. तेव्हा ही सूट तुम्ही घेतली आहे का, हे बिल्डरला लेखी विचारा. घेतली असेल, तर शुल्क भरून तो तुमच्यावर उपकार करत नाही. पार्किंग आणि फ्लोअर राइजचं वेगळं बोला.